टोक नसलेली एरियल

रेडिओ ऐकावयाचा तर घरात रेडिओ हवा, हे सांगावयास कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. परंतु १९४० नंतरच्या एक-दोन वर्षांत दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर देशाच्या राजधानीत, क्विटो शहरात, रात्रीच्या शांत वेळी नभोवाणी केंद्रापासून पाव मैलावर उभ्या असलेल्या माणसालाही संचावाचून कार्यक्रम ऐकू येत असत. केंद्राची उंच एरियलच गात असे. नुसती गात नसे, तर गाताना जळतही असे. तिच्या ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांच्या टोकांवर आगीचे तुरे उभे राहत, त्यांतून चरचर आवाज निघे, धातू लाल होई, मग पांढरा होई, आणि वितळलेले गोळे टपटप खाली जमिनीवर पडत. वर उपासनेचे संगीत आणि खाली धातूचे थेंब, असा तो देखावा होता. पाहणाऱ्यांना मौज वाटली असेल. ज्या माणसाने मोठ्या खटपटीने ही एरियल उभारली होती त्याला मात्र आपले केंद्र दररोज थोडेथोडे वितळताना पाहावे लागत होते.

आज, श्रोतेहो, या जळणाऱ्या एरियलची हकीकत सांगावयाची आहे. नभोवाणीच्या इतिहासाची पुस्तके मार्कोनीपासून आरंभ करतात आणि मोठमोठ्या राष्ट्रांच्या केंद्रांवर संपतात. लहान केंद्रांनी, पैशाच्या ओढाताणीत आणि अडचणीच्या जागी, जी काही भर या विद्येत घातली ती तळटीपेत जाते. क्विटोचे हे ख्रिस्ती केंद्र त्यांपैकी एक. धर्मप्रचाराच्या हेतूविषयी ज्याचे त्याचे मत निराळे असू शकेल. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. मला येथे कुतूहल आहे ते यंत्रांचे, आणि यंत्र सुधारावयास गेले की नवीन संकट कसे उभे राहते, त्याचे.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत सांगतो. क्लॅरेन्स जोन्स हा अमेरिकेतील इलिनॉय प्रांतातला तरुण, उत्तम ट्रॉम्बोन वाजविणारा. शिकागोमध्ये पॉल रेडर या धर्मोपदेशकाच्या हाताखाली त्याने नभोवाणीवरील धार्मिक कार्यक्रमांचे काम केले, आणि दक्षिण अमेरिकेत असे एक कायमचे केंद्र काढावे हा ध्यास घेतला. १९२८ साली तो त्या बाजूस जाऊन आला. व्हेनेझुएला, कोलंबिया, पनामा, क्यूबा असे देश फिरला. कोठेही दाद लागली नाही. अखेर एक्वादोरमध्ये काम करणाऱ्या रूबेन लार्सन या मिशनऱ्याच्या प्रयत्नाने तेथील सरकारने १९३० साली पंचवीस वर्षांची परवानगी दिली. हा देश कॅथलिक, आणि परवानगी मागणारे प्रॉटेस्टंट. तेव्हा हे घडले कसे, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे उत्तर एलॉय अल्फारोच्या १८९५ च्या उदारमतवादी क्रांतीत आणि धर्मसंस्था व राज्यसंस्था यांची फारकत करणाऱ्या १९०६ च्या राज्यघटनेत आहे. त्या क्रांतीपूर्वी असल्या अर्जाचे काय झाले असते, हे सांगावयास नको.

परवानगी मिळाली, पण जागा कोणती? जाणत्यांनी सल्ला दिला होता तो असा : पर्वतांपासून दूर राहा आणि विषुववृत्तापासूनही दूर राहा. क्विटो हे नेमके दोहोंच्या कुशीत बसलेले शहर. विषुववृत्त शहराच्या जवळूनच जाते, आणि शहर अँडीजच्या कुशीत समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसलेले. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी बाराशे मीटर चढून जावे, तेव्हा क्विटोची वेस लागते. इतक्या प्रतिकूल म्हणून सांगितलेल्या ठिकाणी ही मंडळी बसली आणि अनुभव उलटा आला. लघुलहरी या जमिनीला चिकटून जात नाहीत. त्या वर जातात, वातावरणाच्या विद्युत्भारित थरांवर आदळून परततात, आणि हजारो मैलांवर उतरतात. ध्रुवप्रदेशाजवळच्या विद्युत् वादळांचा त्यांना मोठा उपद्रव होतो. विषुववृत्तावरून उत्तरेस किंवा दक्षिणेस निघालेल्या लहरीला या वादळी पट्ट्यातून जावेच लागत नाही. तज्ज्ञांचा सल्ला न मानल्याने भले झाल्याची उदाहरणे थोडी असतात. हे त्यांपैकी एक म्हणावयास हरकत नाही. अर्थात उंचीविषयी तज्ज्ञांनी जी भीती घातली होती तिचा हिशेब पुढे वेगळ्याच रूपाने चुकवावा लागला.

१९३१ हे वर्ष ख्रिस्ती नभोवाणीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १२ फेब्रुवारीस व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते उभारले खुद्द मार्कोनीने, आणि उद्घाटनाचे भाषण केले पोप अकराव्या पायसने. दहा किलोवॅटचा प्रक्षेपक, जगातला सर्वांत नामांकित कारागीर आणि दोन हजार वर्षांच्या संस्थेचे पाठबळ ! त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी क्विटोमध्ये जे सुरू झाले त्याचे वर्णन करताना लेखणी जराशी संकोचते. घराच्या बैठकीत ध्वनिक्षेपक ठेवला होता. एरिक विल्यम्स या तरुण अभियंत्याने बनविलेला प्रक्षेपक शेजारच्या मेंढ्यांच्या गोठ्यात होता. आणि एरियल दोन निलगिरीच्या खांबांना ताणून बांधली होती. प्रक्षेपकाची शक्ती दोनशे वॅट. विजेच्या इस्त्रीलासुद्धा याहून अधिक वीज लागते. आपल्याकडे मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले ते दीड किलोवॅटवर, म्हणजे क्विटोच्या साडेसातपट शक्तीने. ऐकणारे तरी किती? सबंध एक्वादोर देशात त्या वेळी रेडिओसंच होते ते बोटांवर मोजण्याइतके. केंद्राचे संकेताक्षर होते एच.सी.जे.बी. त्यातील पहिली दोन अक्षरे देशाची म्हणून नेमून दिलेली. पुढची दोन अशी निवडली की स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत त्यांतून ख्रिस्ताच्या आशीर्वादाचे एकेक वाक्य जुळावे. लोकांच्या तोंडी मात्र दुसरेच नाव बसले : ‘ला वोस दे लोस आन्देस’, अँडीजचा आवाज.

जगभर मंदीचा काळ होता. केंद्र कसेबसे चालले, परंतु चालले. स्पॅनिशबरोबर डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या किचुआ भाषेतही कार्यक्रम होऊ लागले. ही गोष्ट मला प्रक्षेपकाच्या शक्तीपेक्षाही महत्त्वाची वाटते. ज्या भाषेला राजधानीच्या कचेऱ्यांत कोणी विचारीत नव्हते ती भाषा हवेतून ऐकू येऊ लागली.

आता १९४० सालाकडे येऊ. दोनशे वॅटचा काळ मागे पडला होता. मधल्या काळात प्रक्षेपक थोडे थोडे मोठे होत गेले होते. परंतु देशाबाहेर, विशेषतः उत्तर अमेरिकेपर्यंत, खात्रीने पोहोचावयाचे तर दहा किलोवॅटच्या खाली भागणार नव्हते. माती उकरण्याची प्रचंड यंत्रे बनविणारा अमेरिकन कारखानदार आर. जी. लटर्नो हा श्रद्धाळू गृहस्थ. त्याचे साहाय्य मिळाले. क्लॅरेन्स मूर या अभियंत्याकडे तांत्रिक बाजू आली. अशा कामाचे जड सामान क्विटोला चढवावयाचे म्हणजे ग्वायाकिल बंदरापासून १९०८ साली पुऱ्या झालेल्या रेल्वेचा आधार. ती रेल्वे समुद्रसपाटीवरून निघे आणि डोंगराच्या कड्यावर पुढे-मागे असे हिसके घेत वर चढे. १९४० च्या ईस्टरला नवा प्रक्षेपक सुरू झाला. आपल्या मुंबई केंद्रालाही १९३८ साली लघुलहरींचा दहा किलोवॅटचाच प्रक्षेपक मिळाला होता. तेव्हा हे डोंगरातले मिशनचे केंद्र शक्तीच्या बाबतीत आता एका मोठ्या सरकारी केंद्राच्या पंक्तीला बसले.

शक्ती वाढली, आता ती योग्य दिशेला फेकावयाची. साधी ताणलेली तार आपली शक्ती बहुतेक सर्व बाजूंना सांडते. म्हणून सुमारे पंचवीस मीटर लांबीच्या लहरीसाठी चार आडव्या नळ्यांची दिशादर्शी एरियल उभारली गेली. आपल्याकडे दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात घरांच्या छपरांवर आडव्या दांड्यांच्या ज्या एरियली दिसत, त्यांच्याच जातीची ही, पण राक्षसी आकाराची. तिची एकेक नळी चाळीस फुटांच्या आसपास. या नळ्यांपैकी एकीला वीज द्यावयाची; बाकीच्या तिच्या सान्निध्याने जाग्या होतात, एक मागे आरशासारखी, दोन पुढे भिंगासारख्या, आणि सर्व मिळून लहरीचा झोत करतात. हा झोत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागावर रोखला होता. गणिताने पाहता सर्व ठीक होते.

गणितात हवा धरलेली नव्हती. अशा नळीत मध्यभागी विद्युत् प्रवाह सर्वांत जास्त असतो आणि टोकाशी तो शून्य होतो; उलट विद्युत् दाब मध्यभागी कमी आणि टोकाशी सर्वांत जास्त. नळ्या जवळजवळ बसविलेल्या असल्या म्हणजे हा दाब आणखी चढतो. समुद्रसपाटीवर हवा दाट असते. ती दाब सोसते, ठिणगीला वाट देत नाही. क्विटोला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशाहूनही थोडा कमी. विरळ हवेत सुटलेला विद्युत्कण पुढच्या रेणूवर आदळण्यापूर्वी अधिक अंतर धावतो, अधिक वेग घेतो, आणि आदळला की त्या रेणूलाही फोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. मग हवाच वाहक बनते आणि टोकावर ज्वाळेचा मुकुट पेटतो. दहा किलोवॅट ओतल्यावर हा मुकुट नुसता चमकत नव्हता, टोके खात होता. आणि प्रक्षेपकाची शक्ती संगीताच्या चढउताराबरोबर कमीजास्त होत असल्यामुळे ती ज्वाळाही त्याच तालावर फुगे आणि आकसे, भोवतालची हवा हलवी, आणि कार्यक्रम उघड्यावर ऐकू येई. ध्वनिवर्धकाला पडदा लागतो असे आपण समजतो. येथे पडद्याचे काम आगच करीत होती.

विचार करा, त्या माणसाची स्थिती काय झाली असेल. ज्यांच्या देणग्यांवर हा प्रक्षेपक आला होता ते हजारो मैल दूर रेडिओला कान लावून बसलेले. शक्ती कमी करावी तर एवढा खटाटोप कशासाठी केला? शक्ती पुरी ठेवावी तर एरियल राहत नाही. टोके जळाली की नळीची लांबी बदलते, लांबी बदलली की तिचा लहरीशी मेळ मोडतो, मेळ मोडला की झोत बिघडतो. जगात महायुद्ध पेटले होते. अमेरिकेहून नवे सामान मागवून लगेच मिळण्याचे दिवस ते नव्हते.

मूरने जो पहिला उपाय केला तो मला फार आवडतो, कारण त्यात अभियंत्याची विद्या आणि घरगुती शहाणपण ही दोन्ही दिसतात. अणकुचीदार टोकाशी विद्युत् दाब एकवटतो, गोल पृष्ठभागावर तो पसरतो, हे विजेच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. तेव्हा टोकांना मोठे धातूचे गोळे बसवावे. पण गोळे आणावयाचे कोठून? शौचकुपाच्या पाण्याच्या टाकीत पाणी भरले की वर तरंगून तोटी बंद करणारा तांब्याचा पोकळ गोळा असतो. असे सहा इंच व्यासाचे गोळे मिळवून ते एरियलच्या टोकाटोकाला बसविले. देवाचे गुणगान दूरदेशी पोहोचविणाऱ्या एरियलवर शौचकुपाचे गोळे ! परंतु उपाय अगदीच वाया गेला नाही. ज्वाळा बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही मात्र. शिवाय गोळ्यांच्या भाराने एरियलचा लहरीशी असलेला मेळ बिघडला. एक दुखणे कमी करावे तर दुसरे वाढावे, अशी गत झाली.

१९४२ साली मूर थोड्या दिवसांच्या सुटीवर पोसोर्हा या गावी गेला. हे ग्वायाकिलच्या आखाताच्या तोंडाशी असलेले, प्रशांत महासागराच्या काठचे लहानसे कोळ्यांचे गाव. लोक सुटीवर जाताना कपडे नेतात. त्याने सोबत सुमारे शंभर पौंड वजनाची अभियांत्रिकीची पुस्तके नेली. बांबूच्या झोपडीत जमिनीवर ती सगळी उघडून पसरली, आणि तासन् तास मूळ सिद्धांतापासून विचार आरंभिला. पुढे या दिवसांची आठवण सांगताना त्याने श्रेय प्रार्थनेला दिले. श्रेयाची वाटणी आपण ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पण पुस्तके शंभर पौंडांची होती, हेही विसरू नये.

त्याला जे सुचले ते सुचल्यानंतर इतके सोपे वाटते की, आधी कोणाच्या लक्षात कसे आले नाही याचे नवल वाटावे. आजवर तो टोकांचा बंदोबस्त करीत होता. कधी ती जाड कर, कधी गोल कर. आता त्याने विचारले, टोके हवीतच कशाला? त्या काळी दुमडलेल्या द्विध्रुवाची एरियल माहीत होती. म्हणजे दोन तारा जवळजवळ समांतर आणि दोन्ही बाजूंस जोडलेल्या, चपट्या वेढ्यासारख्या. हा चपटा वेढा मधून धरून वर-खाली ओढून उघडला, तर त्याचा चौकोन होतो. चौकोनाची प्रत्येक बाजू लहरीच्या एक-चतुर्थांश, म्हणजे चारी बाजू मिळून एक पूर्ण लहर. पंचवीस मीटरच्या लहरीला एकेक बाजू सहा मीटरहून थोडी जास्त. अशा बंद वेढ्यात तारेचे टोकच उरत नाही. दाबाची शिगेची जागा असते, पण ती उभ्या बाजूंच्या मध्यावर, अखंड तारेवर. आणि दाबही जुन्या एरियलच्या मानाने उतरलेला. पेटावयास कोपराच उरला नाही, तर आग धरणार कशाला? एका चौकोनामागे तसाच दुसरा चौकोन आरशासारखा उभा केला की झोतही तयार झाला. समोरून पाहता दोन चौकटी, बाजूने पाहता जणू घनाकृती पेटी. म्हणून तिला पुढे इंग्रजीत ‘क्युबिकल क्वाड’ असे नाव पडले.

मूर क्विटोला परतला, घाईघाईने नवी एरियल बांधली आणि जुनीच्या जागी टांगली. प्रक्षेपकाची शक्ती पूर्ण चढविली. संगीत मोठे केले. रात्रीच्या थंड विरळ हवेत एरियलकडे पाहिले. ती गात नव्हती. शहरातल्या लोकांना कार्यक्रम ऐकण्यासाठी आता पुन्हा रेडिओ लागणार होता.

ही युक्ती केंद्रापुरती राहिली असती तर तिची कथा येथे संपली असती. परंतु मूर हा हौशी रेडिओचालकही होता. त्याने हौशी लोकांच्या लहरीसाठी तशीच लहान एरियल बांधली, दूरदूरच्या मंडळींशी बोलणे झाले, आणि ‘ही कसली एरियल?’ अशी चौकशी सुरू झाली. १९४७ साली त्याने अमेरिकेत एकस्वासाठी अर्ज केला आणि १९५१ च्या जानेवारीत ते मिळाले. पुढच्या दशकांत जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या छपरांवर अशा चौकटी चढविल्या. तारा ताणून धरण्यासाठी लागणाऱ्या काठ्या त्यांनी बहुधा बांबूच्याच वापरल्या. स्वस्त, हलक्या आणि विजेला वाट न देणाऱ्या. जी कल्पना बांबूच्या झोपडीत सुचली ती अखेर बांबूवरच उभी राहिली. आडव्या दांड्यांची एरियल श्रेष्ठ की चौकटीची, हा वाद हौशी लोकांत आजतागायत मिटलेला नाही. आणि तो मिटावा अशी त्यांची इच्छाही दिसत नाही.

मूर स्वतः अमेरिकेत परतल्यावर इंडियाना प्रांतात एल्कहार्ट येथे स्थिरावला. आपल्या शेतावरील कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात त्याने १९४७ साली एक लहानसा कारखाना काढला. परदेशांतील मिशनरी केंद्रांना खडतर हवामानात टिकतील असे ध्वनिमुद्रक हवे होते. त्याने ते बनविले, आणि त्यांच्याच पेटीत ध्वनिवर्धकही बसविला. हा कारखाना पुढे ‘क्राउन इंटरनॅशनल’ या नावाने ध्वनिवर्धकांसाठी जगप्रसिद्ध झाला. क्राउन म्हणजे मुकुट. एरियलच्या टोकावरील ज्वाळेला विद्युत्शास्त्रात जे ‘कोरोना’ म्हणतात त्या लॅटिन शब्दाचा अर्थही मुकुटच. हा निव्वळ योगायोग असावा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मेंढ्यांच्या गोठ्यातून केंद्र निघाले, कोंबड्यांच्या खुराड्यातून कारखाना !

इकडे क्विटोत शहर वाढत होते आणि एरियलींना जागा पुरेनाशी झाली. लघुलहरींच्या केंद्राला एक एरियल पुरत नाही. युरोपकडे एक, ब्राझीलकडे एक, उत्तरेकडे एक, आणि दिवस-रात्र व ऋतू यांप्रमाणे लहरीची लांबी बदलावी लागते म्हणून प्रत्येक दिशेला आणखी निराळ्या. १९५० नंतरच्या वर्षांत प्रक्षेपक शहराच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवरील पिफो येथे हलविण्यात आले. रशियन भाषेतील कार्यक्रम १९४१ सालीच सुरू झाले होते; जपानी, जर्मन अशा भाषांची पुढे भर पडत गेली.

शक्ती वाढविण्याची स्पर्धाही वाढली. येथे एक हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रक्षेपकाची शक्ती दहा किलोवॅटवरून पाचशेवर, म्हणजे पन्नासपट नेली, तरी दूरच्या संचाला मिळणाऱ्या लहरीचा जोर पन्नासपट होत नाही. तो पन्नासाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे सातपटच होतो. बाकीचा खर्च निसर्ग खातो. ज्या केंद्राजवळ पैसा कमी त्याने एरियल सुधारावी, हे मूरचे धोरण म्हणूनच शहाणपणाचे होते. परंतु शेजारच्या लहरीवर कोणी अडीचशे किलोवॅटने ओरडत असला तर एकट्या एरियलने भागत नाही, हेही खरे. तेव्हा क्विटोच्या अभियंत्यांनी शंभर किलोवॅटचे प्रक्षेपक स्वतः आखले आणि बांधले. एल्कहार्ट येथील त्यांच्या शाखेतून पुढे इतर ख्रिस्ती केंद्रांसाठीही तसे प्रक्षेपक गेले. आणि १९८१ साली पिफो येथे पाचशे किलोवॅटचा प्रक्षेपक सुरू झाला. तोही एल्कहार्टलाच, मूरच्या कारखान्याच्या आश्रयाने तयार झालेला. ज्या केंद्राचा जन्म दोनशे वॅटवर झाला त्याने पन्नास वर्षांत अडीच हजारपट मजल मारली.

पाचशे किलोवॅट हवेत सोडावयाचे तर वीज लागते जवळजवळ दुप्पट. डोंगरातल्या त्या प्रदेशात इतकी वीज विकत घेणे परवडणारे नव्हते, आणि ती खात्रीने मिळेल याचा भरवसाही नव्हता. म्हणून नभोवाणीच्या माणसांना पाटबंधाऱ्यांची विद्या शिकावी लागली. अँडीजची रांग ओलांडून पलीकडे पापायाक्ता नदीच्या खोऱ्यात त्यांनी १९६५ च्या सुमारास पहिले जलविद्युत् केंद्र उभारले आणि १९८२ साली त्याहून मोठे दुसरे. आपण कोयनेच्या पाण्यावर गिरण्या चालविल्या. यांनी डोंगरी नदीच्या पाण्यावर प्रवचने आणि बातम्या चालविल्या. नदी आटली की आवाज मंदावणार, असे हे नाते.

आता भारतीय श्रोत्याला क्विटो हे फार दूरचे केंद्र, पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूचे. आपल्याकडे रात्री संचाची सुई फिरविताना जी ख्रिस्ती केंद्रे लागत ती जवळची : १९४८ साली सुरू झालेले मनिलाचे, १९७० पासून २००३ पर्यंत चाललेले सेशेल्स बेटांवरचे. सेशेल्सच्या एरियली किनाऱ्याजवळच्या प्रवाळाच्या खडकावर, समुद्रातच उभ्या होत्या, आणि हिंदीसह कित्येक भारतीय भाषा तेथून येत. सेशेल्स बंद झाले त्याच वर्षी क्विटोच्या संस्थेच्या ऑस्ट्रेलियन शाखेने कुनुनुरा येथून आशियाकडे लघुलहरींवर कार्यक्रम सुरू केले. त्यांत हिंदीही होती. गोव्यातील किंवा बेळगावकडील कित्येक घरांत लाकडी पेटीच्या त्या जुन्या संचावर ‘मीटर’ पट्ट्यांचे आकडे आणि शहरांची नावे छापलेली असत. ती नावे वाचूनच आमच्या पिढीचा निम्मा भूगोल झाला. २५ मीटरच्या पट्टीवर बोट ठेवताना क्विटोतील जळत्या टोकांची कल्पना कोणाला असणार?

पिफोचा शेवट यंत्राच्या दोषाने झाला नाही. क्विटोचे जुने विमानतळ भर शहरात, चारी बाजूंनी घरांनी वेढलेले आणि डोंगरांत कोंडलेले. विमान उतरविणे हे वैमानिकाला परीक्षेसारखे. नव्या विमानतळासाठी मोकळी जागा हवी होती. ती सापडली शहराच्या पूर्वेस, ताबाबेला येथे, पिफोच्या शेजारी. ज्या कारणासाठी नभोवाणी शहर सोडून त्या पठारावर गेली होती, त्याच कारणासाठी साठ वर्षांनी विमानेही तेथेच आली. विमानांच्या वाटेत उंच मनोरे चालत नाहीत. शिवाय लघुलहरी ऐकणाराही तोवर विरळ होत चालला होता. लढून मनोरे ठेवावेत इतके बळ त्या हिशेबात राहिले नव्हते. २००९ साली पिफोहून होणारे लघुलहरींचे प्रक्षेपण थांबले, मनोरे एकेक करून उतरविण्यात आले, आणि २० फेब्रुवारी २०१३ रोजी ताबाबेलाच्या विमानतळावर पहिली विमाने उतरली.